जड गाडीचा हिशेब कुणाच्या खात्यावर?

मोटारीच्या शोरूममध्ये गिऱ्हाईक आधी दार उघडून पुन्हा लावून बघते. भरीव 'धप्' असा आवाज आला की चेहऱ्यावर समाधान उमटते. मग बोनेटवर टिचकी मारून पत्रा किती जाड याचा अंदाज घेतला जातो आणि सोबत आलेला मेहुणा किंवा मित्र निकाल देऊन टाकतो, "गाडी दणकटच घ्यावी. हायवेला कुणी ठोकलं तरी आपल्याला काही होता कामा नये." घरच्यांच्या जिवाची काळजी करणाऱ्या या माणसाचा अंदाज चुकलेला नाही. समोरासमोरच्या धडकेत जड गाडीतली माणसे खरोखरच जास्त वाचतात. विचारायचे ते एवढेच, की त्यांच्या वाट्याचा जो धक्का कमी झाला, तो गेला कुठे?

उत्तर राज्यातल्या बहुतेकांनी शाळेत शिकलेले आहे. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'गतीचे नियम' या पहिल्याच धड्यात संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत येतो. बंदूक आणि गोळीचे एक उदाहरण, एक सूत्र, दोन-तीन गुणांचा प्रश्न, आणि परीक्षा झाली की विषय संपतो. ही फार मोठी हानी आहे. कारण रस्त्यावर कोण मरणार आणि कोण वाचणार, याचा बराचसा फैसला हाच धडा करतो.

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, दिशेसकट. दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या आणि बाहेरून कुणी ढकलले-ओढले नाही, तर दोघींच्या संवेगाची बेरीज आदळण्याआधी जेवढी होती तेवढीच नंतर राहते. एकीने जेवढा गमावला तेवढाच दुसरीने कमावला. मोटारींची धडक सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात उरकते. तेवढ्या वेळात टायर आणि डांबर यांच्या घर्षणाला फारसे काही करायला वाव नसतो, म्हणून हा नियम रस्त्यावर जवळपास जसाच्या तसा लागू पडतो.

आता गणित मांडू. एक टनाची एक मोटार, तशीच एक टनाची दुसरी. दोन्ही ताशी ६० किलोमीटर वेगाने समोरासमोर येतात आणि एकमेकींत रुततात. दोघींचा संवेग सारखा पण उलट दिशेचा, बेरीज शून्य. दोन्ही जागच्या जागी थांबतात. प्रत्येकीचा वेग ६० ने बदलला. पहिल्या मालकाने एक टनाऐवजी दोन टनांची गाडी घेतली तर? धडकेनंतर दोन्ही गाड्या जड गाडीच्या दिशेने ताशी २० च्या वेगाने सरकतात. जड गाडीचा वेग ६० वरून २० वर आला, म्हणजे बदल ४० चा. हलकी गाडी ६० ने पुढे जात होती, ती २० ने मागे ढकलली गेली. बदल ८० चा.

इथे सगळी गोम आहे. पहिल्या वेळी ६० आणि ६० मिळून १२०. दुसऱ्या वेळी ४० आणि ८० मिळूनही १२०. वेगातल्या बदलाची बेरीज दोन गाड्या किती वेगाने एकमेकींकडे येत होत्या यावर ठरते आणि ती हलत नाही; वजन फक्त वाटणी करते. आतल्या माणसाच्या छातीला, मानेला, मेंदूला बसणारा तडाखा गाडीचा वेग किती झपाट्याने आणि किती बदलला यावर अवलंबून असतो. जड गाडीच्या मालकाने वाचवलेले २० समोरच्या हलक्या गाडीच्या खात्यावर चढले. समोर १५ टनांचा ट्रक असेल तर १२० पैकी साडेसात ट्रकच्या वाट्याला येतात, एकशे साडेबारा मोटारीच्या. ट्रकचालक अनेकदा केबिनमधून उतरून चालत येतो आणि मोटारीत कुणीही उरत नाही, त्याचे कारण हे आहे.

खात्री करायची असेल तर घरातला कॅरम पुरे. स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंतचा असतो, सोंगटी साधारण पाच ग्रॅमची. स्ट्रायकर सोंगटीवर नेमका मधोमध बसला की सोंगटी स्ट्रायकरच्या मूळ वेगापेक्षाही जोरात सुटते. घर्षण सोडून हिशेब केला तर जवळपास दीडपट. स्ट्रायकरचा वेग मात्र निम्म्यावर येतो, तरी तो पुढेच सरकत राहतो.

मोठ्यापुढे लहानाचे काय चालणार, ही समजूत जुनी आहे आणि ती भल्याभल्यांची होती. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याने १६४४ साली टकरीचे सात नियम छापले. त्यातला एक असा की लहान वस्तू कितीही वेगाने येवो, स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूला ती मुळीच हलवू शकत नाही, स्वतः उलटी फिरते. देकार्तला गती टिकून राहते हे कळले होते, पण त्याने दिशा हिशेबात धरली नव्हती. हॉलंडमधल्या क्रिस्तियान हायगेन्सला हे पटेना. देकार्त त्याच्या वडिलांचा स्नेही होता, तरी पटेना. विशी-तिशीतल्या हायगेन्सने त्याच्या देशाला साजेशी एक कल्पना लढवली. कालव्यातून संथ चाललेल्या नावेत एक माणूस दोऱ्यांना टांगलेले दोन गोळे एकमेकांवर आदळवतो आहे. काठावर उभा असलेला दुसरा माणूस तीच टक्कर पाहतो आहे. नावेतल्याला गोळ्यांचे जे वेग दिसतात ते काठावरच्याला दिसत नाहीत, पण टकरीचा नियम दोघांसाठी एकच असला पाहिजे. एवढ्या एका आग्रहावरून हायगेन्सने देकार्तचे बहुतेक नियम मोडीत काढले. १६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने हा प्रश्न विद्वानांपुढे ठेवला, तेव्हा जॉन वॉलिस, क्रिस्टोफर रेन आणि हायगेन्स यांनी उत्तरे पाठवली. पुढे १६८७ मध्ये न्यूटनने सगळे एका चौकटीत बसवले.

लहान वस्तू मोठीला हलवते याचा सर्वांत देखणा पुरावा अलीकडचा आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे 'डार्ट' हे यान पृथ्वीपासून सुमारे १ कोटी १० लाख किलोमीटर अंतरावर डायमॉर्फस नावाच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले. यानाचे वजन सुमारे ५८० किलो, म्हणजे एका छोट्या मोटारीहूनही कमी. वेग सेकंदाला सहा किलोमीटरच्या वर. समोरचा दगड सुमारे १६० मीटर रुंद आणि चार अब्ज किलोंहून अधिक वजनाचा. देकार्तच्या नियमाने दगडाने ढिम्म राहायला हवे होते. संवेगाचा थेट हिशेब सांगत होता की त्याच्या वेगात सेकंदाला एक मिलिमीटरहूनही कमी फरक पडेल. प्रत्यक्षात पडला सुमारे २.७ मिलिमीटरचा. मुंगीच्या चालीपेक्षाही कमी, पण हिशेबाच्या तिप्पट. कारण धडकेने दगडाच्या पृष्ठभागावरचा चुरा यानाच्या उलट दिशेला अवकाशात उडाला, आणि त्या चुऱ्याने जेवढा संवेग मागे नेला तेवढाच जास्तीचा धक्का दगडाला पुढे बसला. डायमॉर्फस आपल्या मोठ्या जोडीदाराभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे. ती फेरी अर्ध्या तासाहून अधिक कमी झाली. उडालेल्या धुळीचाही हिशेब लागला. एक कणसुद्धा खात्याबाहेर राहिला नाही.

या नियमावर शास्त्रज्ञांचा विश्वास किती, हे १९३२ मध्ये दिसले. बेरिलियमपासून निघणारे एक अदृश्य प्रारण मेणातून हायड्रोजनचे अणुकेंद्र उडवून बाहेर काढते, असे पॅरिसमध्ये दिसले होते आणि तिथे ते गॅमा किरण मानले गेले. केंब्रिजच्या जेम्स चॅडविकने हायड्रोजन आणि नायट्रोजनची अणुकेंद्रे किती जोराने मागे सरतात ते मोजले. गॅमा किरण मानले तर ऊर्जा आणि संवेग यांचा हिशेब जुळत नव्हता. प्रोटॉनएवढ्या वजनाचा, विद्युतभार नसलेला कण मानला तर चोख जुळत होता. चॅडविकने नियम राखला आणि न्यूट्रॉन सापडला. अणूच्या आत जो नियम सवलत देत नाही, तो ठाण्याच्या घोडबंदर रोडवर देईल अशी आशा करण्यात अर्थ नाही.

अमेरिकेत मोठ्या गाड्यांचे वेड आपल्या आधी आले, त्यामुळे तिथला अनुभवही आधीचा आहे. सॅन डिएगो येथील अर्थशास्त्रज्ञ मिशेल व्हाइट यांनी २००४ मध्ये अपघातांच्या नोंदी तपासल्या. मोठ्या गाडीतल्यांचा एक जीवघेणा अपघात टळतो, तेव्हा इतरांचे किमान चार जीवघेणे अपघात वाढतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी याला रस्त्यावरची शस्त्रस्पर्धा म्हटले. २०१४ मध्ये बर्कलीच्या मायकेल अँडरसन आणि मॅक्सिमिलियन ऑफहॅमर यांनी आणखी नेमका आकडा काढला: धडकणारी गाडी सुमारे ४५० किलोंनी जड असेल, तर ज्या गाडीला ती धडकते तिच्यातल्या माणसांच्या मृत्यूची शक्यता ४७ टक्क्यांनी वाढते.

त्या रस्त्यांवर समोर निदान मोटार तरी असते. आपल्याकडे बहुतेक वेळा असते ती दुचाकी. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. एकट्या महाराष्ट्रात मृतांचा आकडा १५ हजारांच्या वर गेला. स्कूटर आणि तिच्यावरचा माणूस मिळून २०० किलो धरा, समोर दोन टनांची एसयूव्ही. दोघेही ताशी ५० ने येत असतील तर एकूण १०० पैकी ९१ स्कूटरच्या वाट्याला आणि नऊ एसयूव्हीच्या. स्कूटरवाल्याभोवती पत्रा नाही, एअरबॅग नाही, म्हणून प्रत्यक्षातली स्थिती या आकड्याहूनही वाईट. दुधाच्या किटल्या घेऊन सकाळी निघालेला शेतकरी, शिकवणीला चाललेली मुलगी, दुसऱ्या पाळीवरून घरी येणारा कामगार हे या व्यवहारातले दुसरे पक्षकार आहेत. शोरूममध्ये त्यांना कुणी विचारत नाही.

सुरक्षितता दोन प्रकारची असते, हे संवेगाच्या गणितातून स्वच्छ दिसते. एक वजनातून मिळते आणि ती दुसऱ्याच्या वाट्यातून वजा होते. दुसरी कुणाच्याही वाट्यातून जात नाही, ती नव्याने तयार होते. सरकारने आणि नागरिकांनी पैसा, कायदा आणि आग्रह या तिन्ही गोष्टी दुसरीवर खर्च कराव्यात, असे ठाम मत मांडण्याची वेळ आली आहे.

दुसरीचे मर्म वेळेत आहे. माणसाचा संवेग शून्यावर आणायचा असेल तर तो आणावाच लागतो, पण तो किती वेळात आणायचा हे आपल्या हातात असते. ताशी ६० ने चाललेल्या गाडीत ७० किलोंचा माणूस बसला आहे. सीट बेल्टने आणि चुरडत जाणाऱ्या बोनेटने त्याला सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवले तर अंगावर सरासरी सव्वा टनाच्या आसपास भार येतो. भयंकर, पण तरुण निरोगी शरीर तो झेलू शकते. बेल्ट नसेल, तर माणूस ६० च्या वेगानेच पुढे जातो आणि डॅशबोर्डवर किंवा पुढच्या सीटवर सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबतो. भार दसपट, १२ टनांच्या घरात. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मोटार जड, महागडी आणि एअरबॅगवाली होती. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. ते दोघे गेले, पुढचे दोघे जखमी होऊन वाचले.

म्हणूनच पत्रा चुरगळला की गाडीला नावे ठेवण्याची आपली सवय सोडायला हवी. बोनेट चुरगळते तेव्हा ते आतल्या माणसासाठी वेळ मिळवत असते. त्यावर बाजारातून आणलेला लोखंडी बंपर गार्ड ठोकणारा माणूस पैसे मोजून तो वेळ कमी करतो आणि समोरून येणाऱ्या पादचाऱ्याच्या मांडीचे हाड मोडण्याची सोय करतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना अशा गार्डांवर कारवाई करायला सांगितले होते. आजही कुठल्याही तालुक्याच्या गावी ते उघड बसवून मिळतात.

हेल्मेटचेही तेच. बाहेरचे चकचकीत कवच पाहून ते घेतले जाते, पण जीव वाचवतो तो आतला थर्माकोलसारखा थर. तो दबतो आणि डोके थांबायला काही मिलिसेकंद जास्त देतो. रस्त्याकडेला स्वस्तात मिळणाऱ्या टोपीवजा हेल्मेटमध्ये हा थर नावालाच असतो. जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकणे बेकायदा आहे. ती विक्री बंद करणे पोलिसांच्या आणि पालिकांच्या आवाक्यातले काम आहे.

ही दुसऱ्या प्रकारची सुरक्षितता साधता येते हे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सिद्ध झाले आहे. २०१६ पासून तिथे रस्ते विकास महामंडळ, पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मिळून काम केले. पुलांच्या उघड्या खांबांपुढे वाकणारे लोखंडी कठडे लावले, रस्त्याकडेला उभे राहणारे ट्रक हटवले, वेगावर नजर ठेवली. काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. यासाठी कुणालाही जास्त जड गाडी घ्यावी लागली नाही.

आणि वेगाचे काय? वरच्या उदाहरणाकडे पुन्हा पाहा. एक टनाऐवजी दोन टनांची गाडी घेऊन मालकाने स्वतःचा बदल ६० वरून ४० वर आणला, समोरच्याचा ८० वर नेला. दोन्ही गाड्या एक-एक टनाच्याच ठेवून दोघांनी ताशी ६० ऐवजी ४० ने यायचे ठरवले असते, तर दोघांचाही बदल ४० चाच झाला असता. जे एकाने लाखो रुपये मोजून दुसऱ्याच्या जिवावर मिळवले, ते ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करून दोघांनाही फुकट मिळते. गावातून जाणाऱ्या रस्त्यांवर आणि दुचाकींची वर्दळ असलेल्या शहरी मार्गांवर वेगमर्यादा खाली आणून ती खरोखर पाळायला लावणे, याहून स्वस्त उपाय सरकारपाशी नाही.

मोठे कुटुंब, खराब रस्ते, सामान या गरजा खऱ्या आहेत, आणि लांब बोनेटच्या मोठ्या गाडीला चुरडायला जास्त जागा मिळते हेही खरे. जागा द्यावी, वजन आवरावे, हे अभियंत्यांना जमण्यासारखे आहे. विजेवरच्या गाड्यांचा प्रश्न थोडा नाजूक आहे. बॅटरीचे वजन टळत नाही आणि धूर न ओकणारी गाडी हवीच आहे. पॅरिसने यावर समजूतदार तोडगा काढला. ऑक्टोबर २०२४ पासून तिथे बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांना तिप्पट पार्किंग शुल्क लागते. पेट्रोल-डिझेलसाठी मर्यादा १.६ टन, विजेच्या गाडीसाठी दोन टन. फ्रान्समध्ये नव्या गाडीच्या नोंदणीवर वजनाचा करही २०२२ पासून आहे.

आपल्याकडे गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणारी 'भारत एनकॅप' ही चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली, ही चांगली गोष्ट झाली. पण त्या चाचणीत गाडी ताशी ६४ च्या वेगाने चुरडणाऱ्या अडथळ्यावर आदळवतात. ती धडक साधारण स्वतःएवढ्याच वजनाच्या गाडीशी झालेल्या धडकेसारखी असते. पाच तारे मिळालेली छोटी गाडी दोन टनांच्या गाडीपुढे काय करेल आणि पाच तारे मिळालेली दोन टनांची गाडी समोरच्याचे काय करेल, हे तारे सांगत नाहीत. म्हणून ताऱ्यांशेजारी गाडीचे वजन तेवढ्याच ठळक अक्षरांत छापणे सक्तीचे करावे.

महाराष्ट्रात खासगी मोटारीचा एकरकमी कर गाडीची किंमत आणि इंधन पाहून ठरतो. वजनाचा आकडा आरसीवर असतोच, आरटीओच्या संगणकातही असतो. कर ठरवताना तेवढा तो वापरला जात नाही. विजेच्या गाड्यांना वेगळी मर्यादा ठेवून, ठरावीक वजनावरच्या प्रत्येक किलोमागे कर लावावा आणि ती रक्कम पुलांच्या खांबांपुढचे कठडे, पदपथ आणि अपघातग्रस्तांच्या उपचारांसाठीच राखून ठेवावी. परिवहन आणि अर्थ खात्याने येत्या अर्थसंकल्पाआधी याचा मसुदा लोकांपुढे आणावा. आणि पाठ्यपुस्तक मंडळाने नववीच्या पहिल्या धड्यात बंदुकीच्या गणिताशेजारी दोन टनांच्या मोटारीचे आणि स्कूटरचे गणित घालावे. ते सोडवणारी मुले तीन-चार वर्षांत लायसन्स काढायला रांगेत उभी राहणार आहेत.